दाखला, दाखिला आणि प्रवेश : संकेतस्थळाच्या शोधशब्दांविषयी

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात संकेतस्थळाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु शाळेच्या संकेतस्थळावर सूचना चढवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे आणि त्या कामात माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्या चुकांनी मला जे शिकवले तेवढेच आपल्यासमोर ठेवणार आहे. विषय यंत्राचा वाटला तरी तो मुळात शब्दांचा आहे, आणि शब्दांचे काम भाषेच्या शिक्षकाने टाळू नये, असे मला वाटते.

पहिली चूक अशी. एका वर्षी शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यातून एक पालक मुलीला घेऊन आले. गावात शाळा आठवीपर्यंतच. मुलगी हुशार, तिला नववीत घालायचे होते. आमची नववीची तुकडी तोवर पूर्ण भरली होती. मी म्हटले, “भाऊ, सूचना तर महिनाभर आधी संकेतस्थळावर टाकली होती.” ते म्हणाले, “सर, पोरानं मोबाइलवर लय धुंडलं, पन तुमच्या शायेचं काईच नाही निंगालं.” शहरात दुसरीकडे ठेवण्याची त्यांची सोय नव्हती. ती मुलगी वर्षभर घरी बसली.

त्या रात्री मी त्यांच्या मुलाने शोधले तसे शोधून पाहिले. त्याने इंग्रजी अक्षरांत शहराचे नाव, ‘उर्दू हायस्कूल’ आणि ‘दाखला’ असे शब्द टाकले होते. आमची सूचना होती ती अशी : ‘इयत्ता नववी प्रवेशप्रक्रियेबाबत सूचना’. तीही टंकलिखित कागदाचा फोटो काढून चढवलेली. म्हणजे त्याचा शब्द आमच्या पानावर नव्हता, आणि आमचा जो शब्द होता तोही यंत्राला चित्रात अडकलेला मिळाला. सूचना होती, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती नव्हतीच.

बंधुभगिनींनो, शोधयंत्रात माणूस जे शब्द टाकतो त्यांना आपण शोधशब्द म्हणू. ही गोष्ट समजायला संगणक लागत नाही. अमरावतीच्या बसस्थानकावर उतरून ऑटोवाल्याला ‘जिल्हा सामान्य रुग्णालय’ म्हणा. तो क्षणभर विचार करील. ‘इर्विन’ म्हणा, तो लगेच गाडी सुरू करील. स्त्रियांच्या रुग्णालयाला आपण ‘डफरीन’ म्हणतो. अकोल्यात त्यालाच ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. विद्यापीठाचे पूर्ण नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ते 1983 साली स्थापन झाले, पण खेड्यातला मुलगा ‘अमरावती युनिव्हर्सिटी’ एवढेच म्हणतो. 1969 साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला शेतकरी ‘अकोल्याचं कृषी विद्यापीठ’ म्हणतो. पाटीवर एक नाव, तोंडात दुसरे. पाटी चूक नाही आणि तोंडही चूक नाही. मात्र ज्याला माणसांनी आपल्यापर्यंत यावे असे वाटते त्याला दोन्ही नावे ठाऊक असली पाहिजेत.

आता यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो. शोधयंत्र आपण विचारल्यावर सारे जग धुंडायला निघत नाही. ते आधीच पाने वाचून ठेवते आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करते. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच ही. आपल्यापैकी जे अरबी जाणतात त्यांनी मुहम्मद फुआद अब्दुल बाकी यांची कुरआन शरीफची शब्दसूची पाहिली असेल. शब्द काढला की तो कोठे कोठे आला आहे हे समोर येते. शोधयंत्राची सूचीही अशीच, फक्त फार मोठी आणि रोज नवी होणारी.

सूचीनंतर प्रश्न येतो क्रमाचा. हजारो पानांतून आधी कोणते दाखवावे? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषींनी 1972 साली एका निबंधात एक साधी गोष्ट मांडली : जो शब्द सगळ्याच कागदांत आहे त्याचे वजन कमी धरावे, जो थोड्याच कागदांत आहे त्याचे जास्त. ‘शाळा’ हा शब्द लाखो पानांवर आहे, ‘अंजनगाव सुर्जी’ फार थोड्या. म्हणून ‘उत्कृष्ट शाळा’ असे शंभरदा लिहून जे साधत नाही, ते ‘अंजनगाव सुर्जी, दर्यापूर व अचलपूर तालुक्यांतील मुलींसाठी नववीचा प्रवेश’ असे एकदा लिहून साधते. पुढे 1998 साली गूगलची कंपनी सुरू झाली. कोणत्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, हेही तिने मोजायला घेतले. आज त्यात आणखी कितीतरी गोष्टी मिळाल्या आहेत. अर्थ जुळवून पाहण्याचाही प्रयत्न यंत्र करते. तरीही जो शब्द किंवा जो अर्थ आपल्या पानावर नाहीच, त्यासाठी यंत्राने आपल्याला शोधून काढावे ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आमच्या प्रकरणातला शब्द होता ‘दाखला’. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र : शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासी दाखला. उर्दूत आणि आपल्या घरच्या बोलीत दाखिला म्हणजे प्रवेश. शब्दाचे मूळ एकच, अरबी-फारसी. मराठीतही आपण ‘रुग्णालयात दाखल केले’ असे म्हणतोच. पण शाळेच्या खिडकीवर एकजण दाखला मागतो तेव्हा त्याला शाळा सोडायची असते आणि दुसरा मागतो तेव्हा त्याला शाळेत यायचे असते! इंग्रजी अक्षरांत लिहिले की दोन्ही शब्द बहुतेक सारखेच दिसतात. खिडकीवरचा लिपिक चेहरा पाहून अर्थ ओळखतो. यंत्राला चेहरा दिसत नाही. म्हणून आता आमच्या पानावर सरळ लिहिले आहे : ‘नववी प्रवेश (ॲडमिशन, दाखिला)’ आणि दुसऱ्या पानावर ‘शाळा सोडल्याचा दाखला (टी.सी.) कसा मिळेल’. एका पानाची दोन पाने केली, एवढाच इलाज.

दुसरे उदाहरण ‘अल्पसंख्याक’ या शब्दाचे. शुद्ध मराठी रूप हेच. पण कितीतरी अर्जांवर ‘अल्पसंख्यांक’ असे अनुस्वारासह आढळते. हिंदीत ‘अल्पसंख्यक’ होते, आणि बोलताना आपण ‘मायनॉरिटी’ म्हणतो. ‘शिष्यवृत्ती’ला ‘स्कॉलरशिप’ आहे, वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘वजीफा’ आहे. मराठीचा शिक्षक म्हणून चुकीचे रूप मुद्दाम लिहावे असे मी म्हणणार नाही. परंतु शुद्ध शब्दाबरोबर रूढ शब्द एकदा द्यायला हरकत कोणती? वर्गात आपण कठीण शब्दाचा अर्थ सोप्या शब्दात सांगतोच की नाही?

तिसरी अडचण गावांच्या नावांची. आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीची कोनशिला 22 ऑक्टोबर 2015 रोजी बसवली गेली, आणि तिचे नावही अमरावतीच. इंग्रजी अक्षरांत ‘म’नंतरच्या एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही नाही. अकोल्याचेही तसेच. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले नावाचा तालुका आहे. म्हणून नुसते ‘अमरावती’ किंवा ‘अकोला’ लिहून थांबू नये. तालुका, जिल्हा, महाराष्ट्र, शक्य असेल तेथे विदर्भ किंवा वऱ्हाड असा पूर्ण पत्ता प्रत्येक पानावर असावा.

आणि ‘वऱ्हाड’ हा शब्द तरी एकाच रीतीने कोठे लिहिला जातो? त्यातला अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एक नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या हिशेबी ती वेगळी अक्षरे. मोठी शोधयंत्रे असे फरक पुष्कळदा सांभाळून घेतात, पण आपल्याच संकेतस्थळावरची साधी शोधपेटी ते घेईलच असे नाही.

याहून मोठा घोटाळा टंकांचा आहे. जगातील लिप्यांना एकच सांकेतिक क्रम देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि तीत देवनागरी होती. तरी आपल्याकडील पुष्कळ कार्यालयांत आजही जुन्या टंकांत मजकूर बसवला जातो. त्यात कागदावर दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हे. असा मजकूर संकेतस्थळावर चढवला तर यंत्राच्या सूचीत ‘प्रवेश’ हा शब्द जातच नाही, जातो तो निरर्थक चिन्हांचा घोळका. आणि कागदाचा फोटो टाकला तर त्यातील अक्षरे वाचली जातील याची खात्री नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, सूचनेचा फोटो हवा तर जरूर टाकावा, पण त्याखाली तीच सूचना युनिकोडमध्ये टंकून द्यावी. उर्दू सूचनेचेही तसेच. सुंदर नस्तालीकमध्ये लिहून घेतलेला फलक भिंतीवर शोभतो. संकेतस्थळावर त्याखाली उर्दू अक्षरे टंकलेली हवीत.

आता शोधशब्द मिळवायचे कोठून? लोक म्हणतात, त्यासाठी साधने आहेत. आहेतच. गूगल ट्रेंड्स हे साधन 2006 सालापासून आहे. एखादा शब्द कोणत्या काळात, कोणत्या प्रदेशात जास्त शोधला गेला ते त्यात शंभरपैकी गुणांसारखे दिसते. मात्र ते गुण सापेक्ष असतात. शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत, तर त्या काळातला सर्वांत वरचा बिंदू. आणि आपल्या तालुक्यातील एका वर्गाच्या प्रवेशाचा शब्द तेथे घातला तर बहुधा पुरेशी माहिती नाही असेच उत्तर येते. मुंबई-पुण्याच्या मापाने केलेली ती तागडी आहे, आपला पावशेर तीत उतरत नाही.

म्हणून आम्ही एक स्वस्त उपाय केला. कार्यालयाच्या खिडकीवर दोनशे पानी वही ठेवली. एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत जो पालक येईल किंवा फोन करील त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, सुधारायचा नाही. ‘नौवीं का दाखिला कब से?’, ‘होस्टेल हाय का?’, ‘पोरीच्या ॲडमिशनले काय काय कागद लागते?’ असे. लिपिकांना आरंभी हे हसण्यासारखे वाटले. पण महिन्याअखेर आम्ही तिघे शिक्षक ती वही घेऊन बसलो, सारख्या अर्थाचे प्रश्न एकत्र केले, आणि प्रत्येक गटासाठी एक पान लिहिले. पानाचे शीर्षक म्हणजे प्रश्नच : ‘नववीच्या प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे लागतात?’ उत्तर पहिल्या चार ओळींत. संस्थेचा इतिहास, मान्यवरांचे फोटो हे सर्व दुसऱ्या पानावर. माझ्या मते शोधशब्दांचे संशोधन म्हणतात ते हेच. आजकाल पुष्कळ पालक टंकत नाहीत, मोबाइलशी बोलतात. तेव्हा वहीतले बोलीतले वाक्य अधिकच उपयोगी पडते.

संशोधनानंतर देखरेख. गूगलचे सर्च कन्सोल नावाचे विनामूल्य साधन आहे. पूर्वी त्याचे नाव वेगळे होते, हे नाव 2015 पासूनचे. आपल्या संकेतस्थळाची मालकी सिद्ध केली की ते चार आकडे देते : आपले पान कोणत्या शोधशब्दांना दाखवले गेले, किती वेळा दाखवले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते. कोणी शोधले हे ते सांगत नाही. फार थोड्यांनी वापरलेले शब्दही ते झाकून ठेवते. तेव्हा आमच्या घरचे कोण काय शोधते हे शाळेला कळेल, अशी भीती पालकांनी बाळगू नये.

हे आकडे प्रगतिपुस्तकाप्रमाणे वाचावेत. पान पुष्कळदा दिसते पण उघडत नाही, तर शीर्षकात दोष आहे. उघडते पण त्याच प्रश्नाचे फोन थांबत नाहीत, तर उत्तरात दोष आहे. ज्या शब्दाला आपले भलतेच पान दिसते, त्या शब्दाचे पान अजून लिहायचे राहिले आहे. आणि मे महिन्याची तुलना नोव्हेंबरशी करू नये. परीक्षेनंतरची गर्दी आणि दिवाळीनंतरची सामसूम एका मापाने मोजता येत नाहीत. हे साधन 16 महिन्यांची नोंद ठेवते, म्हणून या मेची गेल्या मेशी तुलना करता येते. महिन्यातून एक तास एवढेच हे काम.

येथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. येणाऱ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा मला अभिमान वाटू लागला. आमचे सर्वांत जास्त उघडले जाणारे पान होते अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे. केंद्र सरकारने 2022 साली ही योजना नववी-दहावीपुरती मर्यादित केली. त्याआधी ती पहिलीपासून होती. आमचे पान मात्र जुनेच राहिले. मी आकडे पाहत होतो, पान वाचत नव्हतो. एक दिवस दर्यापूरकडचे एक पालक सहावीतल्या मुलाचे कागद घेऊन आले. दिवसाची मजुरी पाडून, बसचे भाडे खर्चून. त्यांनी मोबाइलवर आमचेच पान दाखवले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. न सापडलेल्या सूचनेने एका मुलीचे वर्ष घेतले होते, आणि चांगली सापडणाऱ्या जुन्या सूचनेने एका माणसाचा दिवस घेतला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पानावर ‘शेवटची तपासणी’ अशी तारीख असते, आणि मुदत संपलेल्या पानाच्या माथ्यावर ‘ही सूचना जुनी आहे’ असे लिहिलेले असते. आता तर शोधयंत्र कधी कधी पाने न उघडताच वर तयार उत्तर मांडते. ते उत्तर कोणाच्या तरी पानातूनच घेतलेले असते. पान जुने तर उत्तरही जुने.

एक सावधगिरीही सांगतो. ‘तुमची शाळा गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगणारे लोक संस्थांकडे येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. काहीजण पानाच्या आत न दिसणाऱ्या जागी शोधशब्दांची यादी भरून देतात. त्या यादीचा क्रम लावताना आपण उपयोग करत नाही, हे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. एकच शब्द पन्नासदा लिहिणे हे तर नियमांच्याही विरुद्ध आहे आणि वाचणाऱ्यालाही त्रासाचे. संस्थेचा पैसा वर्गणीतून आणि देणग्यांतून येतो. तो असल्या कामी घालवू नये.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्वतंत्र नियमाचे स्थान दिले. संकेतस्थळ हेही एक लहानसे ग्रंथालयच आहे, आणि त्याचा वाचक बहुधा उसना मोबाइल आणि थोडा डेटा घेऊन उभा आहे.

आपला अधिक वेळ घेत नाही. मी तीन गोष्टी मागतो. प्रत्येक शाळेने खिडकीवर एक चौकशी वही ठेवावी. प्रत्येक सूचना युनिकोडमध्ये टंकलेली असावी. आणि एका शिक्षकाकडे महिन्यातून एक तास शोधशब्द पाहण्याचे व जुनी पाने तपासण्याचे काम द्यावे. यासाठी नवा खर्च जवळजवळ नाही. लागते ती ऐकण्याची सवय.

ती मुलगी पुढच्या वर्षी आली. या वेळी तिच्या भावाला आमचे पान सापडले होते. तिचे नाव नोंदवताना वडील म्हणाले, “सर, दाखला पक्का झाला ना?” मी म्हटले, “झाला.” आमच्या प्रवेश-नोंदवहीत ‘प्रवेश’ असेच लिहिले, पण चौकशी वहीत मी त्यांचाच शब्द लिहून ठेवला.